रात्री अडीचचा अलर्ट: तुमच्या नॅसवर लक्ष कोण ठेवतंय?

रविवार, २१ मार्च २०२१. पहाटे अडीचच्या सुमारास एमआयडीसीच्या, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, आयटी टीमकडे ऑटोमॅटिक अलर्ट आले: आपली ॲप्लिकेशन्स बंद पडली आहेत. दिवसभर तपास झाल्यावर कळलं की हा 'सायनॅक' नावाच्या रॅन्समवेअरचा हल्ला आहे. क्लाउडवरचे सर्व्हर आणि स्वतःचे सर्व्हर, दोन्हीकडचा डेटा एन्क्रिप्ट झाला होता. सोप्या भाषेत, घर आपलं, कुलूप चोराचं. वेगवेगळ्या ऑफिसांतले काही डेस्कटॉपही त्यात सापडले. मुंबईचं मुख्यालय आणि राज्यभरातली १६ प्रादेशिक कार्यालयं, सगळीकडचं काम अडलं. त्या सोळांत एक आपलं रत्नागिरीचं.

त्या आठवड्यात ५०० कोटींच्या खंडणीचा आकडा सगळीकडे फिरला. चिठ्ठीत थेट रक्कम लिहिलेलीच नव्हती, असं महामंडळाचं म्हणणं होतं. बातमी त्या आकड्याभोवतीच घोटाळत राहिली आणि मग विरून गेली. मला मात्र त्यातल्या दोन साध्या गोष्टी लक्षात राहिल्या. पहिली ही, की सगळे झोपलेले असताना एका सॉफ्टवेअरने हाक मारली. दुसरी अशी, की ॲप्लिकेशन सर्व्हरचे बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेले होते आणि ते वाचले, असं महामंडळाने सांगितलं.

पाच वर्षं जुनी गोष्ट आज काढायचं कारण आहे. तेव्हा हा विषय मोठ्या सरकारी ऑफिसांचा वाटायचा. आता रत्नागिरीत मारुती मंदिरपासून जयस्तंभापर्यंत नुसतं चालत गेलात तरी वाटेतल्या कितीतरी दुकानांत आणि ऑफिसांत एक छोटा काळा डबा दिव्यांची उघडझाप करत बसलेला असतो. फोटो स्टुडिओ, सीए, पतसंस्था, एक्स-रे सेंटर, हापूस बाहेर पाठवणारे व्यापारी. हा डबा म्हणजे नॅस. आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला बसवलेली पहिली पिढीची सॉफ्टवेअर आता म्हातारी झाली आहेत, ती नव्या मशीनवर हलवायची वेळ आली आहे. हे हलवणं दिसतं तितकं निरुपद्रवी नसतं.

आधी नॅस म्हणजे काय ते बघू

तुमच्या फोनला गुगल ड्राइव्ह आहे, तसाच ड्राइव्ह घरात किंवा ऑफिसात स्वतःचा ठेवला तर तो नॅस. आत दोन, चार किंवा जास्त हार्ड डिस्क, बाहेर एक नेटवर्कची केबल. वायफायवर असलेला कुठलाही फोन, लॅपटॉप, टीव्ही त्यातल्या फायली उघडू शकतो. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि सगळ्यांना त्याच १५ जीबीत बसवावं लागलं. तेव्हापासून घरी नॅस ठेवायचा विचार करणारी तरुण मंडळी वाढली. कोणी तयार विकत घेतो, कोणी विंडोज १०चा सपोर्ट संपला म्हणून बाजूला पडलेल्या पीसीवर लिनक्स टाकून बनवतो. दुसरा प्रकार मला व्यक्तिशः जास्त आवडतो, पण त्यात देखभालीची सगळी जबाबदारी तुमची.

नॅसमध्ये बहुतेक वेळा रेड असतं. म्हणजे एक डिस्क गेली तरी बाकीच्या डिस्क डेटा सांभाळतात. सोय चांगली, पण तिच्यात एक खोच आहे: एक डिस्क मेल्यावरही सगळं नेहमीसारखंच चालतं. फोटो उघडतात, टॅली चालते, कुणाला काही कळत नाही. डब्यावरचा एक दिवा हिरव्याचा केशरी होतो आणि तो डबा तर टेबलाखाली, फायलींच्या गठ्ठ्यामागे. मग दुसरी डिस्क जाते आणि त्या दिवशी सगळ्यांना एकदम कळतं.

म्हणून मॉनिटरिंग. वेगळ्या मशीनवर चालणारं एक सॉफ्टवेअर दर मिनिटाला किंवा दर पाच मिनिटांनी नॅसला प्रश्न विचारतं. जिवंत आहेस का? किती भरलास? तापमान किती? रेड शाबूत आहे का? हे प्रश्न विचारायची जुनी, सर्वमान्य पद्धत म्हणजे एसएनएमपी. जवळपास प्रत्येक नॅसला ती येते. उत्तर बिघडलं की फोनवर अलर्ट.

या कामाची मोफत सॉफ्टवेअर बरीच आहेत. १९९९ पासून चालत आलेलं नागिओस, लॅटव्हियातून आलेलं झॅबिक्स, साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेलं प्रोमिथियस आणि त्याच्या जोडीला आलेख काढायला ग्राफाना. घरच्यासाठी अपटाइम कुमा सगळ्यात सोपं, अर्ध्या तासात उभं राहतं. कुठलं चांगलं यावर पोरं तासन् तास भांडतात. माझं मत असं की निवडीने फार फरक पडत नाही. तुम्ही त्याला काय विचारायला सांगता, त्याने पडतो.

"चालू आहे का?" हा प्रश्न पुरत नाही

एमआयडीसीच्या त्या अलर्टकडे परत बघा. अलर्ट काय म्हणाला? ॲप्लिकेशन्स बंद पडली. रॅन्समवेअर आधी फायली एकेक करून कुलूपबंद करतं, आणि त्या नादात ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या फायली गेल्या की ते कोसळतं. म्हणजे 'बंद पडलं' हा अलर्ट येतो तोपर्यंत आतलं बरंचसं काम उरकलेलं असतं. अलर्ट आला हे चांगलंच झालं, नाहीतर सोमवारी सकाळी ऑफिस उघडल्यावर कळलं असतं. पण चोर घरातून जाताना दार आपटतो, तो आवाज ऐकून जागं व्हावं, तसं हे.

याच्या आधीचा आवाज ऐकता येतो का? बऱ्याच अंशी येतो. नॅसवर स्नॅपशॉट नावाची सोय असते: ठरावीक वेळेला फायलींची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवायची. पुढच्या वेळेपर्यंत जेवढं बदललं तेवढीच जास्तीची जागा लागते. समजा तुमच्या स्टुडिओत रोज साधारण ४० जीबीच्या फायली बदलतात, तर स्नॅपशॉटही रोज तेवढ्याच हिशेबाने वाढतो. एका रात्री तो अचानक ४०० जीबीने वाढायला लागला, तर कोणीतरी जुन्या फायली घाऊक बदलतंय. एन्क्रिप्ट झालेली प्रत्येक फाइल ही बदललेली फाइल असते, ती जागा खाणारच. म्हणून मॉनिटरिंगमध्ये 'स्नॅपशॉटची वाढ' आणि 'दर मिनिटाला किती लिहिलं जातंय' हे दोन आकडे टाकून ठेवा. एरवी महिनोन् महिने ते कंटाळवाणे दिसतील, आणि त्यांनी तसंच दिसायला हवं.

डिस्कच्या बाबतीतही तसंच. डिस्कमध्ये स्मार्ट नावाची स्वतःची आरोग्य-नोंद असते. त्यात दोन आकडे बघायचे: खराब झाल्याने बदली जागेवर हलवलेले सेक्टर, आणि वाचताना अडखळल्यामुळे 'प्रलंबित' म्हणून टांगलेले सेक्टर. हे शून्यावरून हलले आणि आठवड्याला वाढत चालले, की नवीन डिस्कची ऑर्डर टाकायची. मेल्यावर कळणं आणि आजारी असताना कळणं यातला फरक चार-आठ दिवसांचा असू शकतो, आणि रत्नागिरीत ऑनलाइन मागवलेली डिस्क यायलाही कधीकधी तेवढेच दिवस लागतात. ऐन पावसात घाट बंद झाला तर जास्तच.

अलर्ट गप्प बसला तर?

आता खरी मेख. समजा मॉनिटरिंग आहे, प्रश्नही बरोबर विचारतंय. पण अलर्ट तुमच्यापर्यंत पोचलाच नाही तर? शांतता दोन प्रकारची असते. सगळं ठीक आहे म्हणून आणि सांगणाराच गेला म्हणून. फोनच्या स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात.

गिटलॅब ही जगभरचे प्रोग्रामर कोड ठेवायला वापरतात ती कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरकडून दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं. ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं. काही हरकत नाही, बॅकअप आहे, असं सगळ्यांना वाटलं. बघायला गेले तर बॅकअपची जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हता, त्यामुळे तो दर वेळी अपयशी ठरत होता. त्याने तशी ईमेलही पाठवली होती. पण त्या ईमेलवर पाठवणाऱ्याची आवश्यक ओळख नव्हती, म्हणून मेल सर्व्हर त्या दारातूनच परत पाठवत होता. शेवटी सहा तासांपूर्वी चाचणीच्या कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट सापडला म्हणून निभावलं. या सगळ्याचं वर्णन कंपनीने स्वतःच जाहीर केलं, हे त्यांचं मोठेपण.

हसू नका, कारण अगदी असाच प्रकार आपल्याकडच्या डब्यांमध्येही होऊ शकतो. नॅस बसवणारा माणूस अलर्टसाठी जीमेलचा पत्ता आणि पासवर्ड टाकून निघून जातो. ३० मे २०२२ पासून गुगलने नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या उपकरणांना जीमेल वापरू द्यायचं बंद केलं. टू-स्टेप सुरू करून वेगळा 'ॲप पासवर्ड' घ्यावा लागतो. ज्यांनी बदल केला नाही त्यांच्या नॅसच्या ईमेल त्या दिवसापासून जाईनाशा झाल्या. नॅस मात्र मुकाट चालू. तुमच्या ओळखीत २०२२ च्या आधी बसवलेला नॅस असेल तर आजच त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'टेस्ट मेल' दाबून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

जुनं हलवताना

नाचणे रोडच्या बाजूला एक सीए ऑफिस आहे, तिथलं मॉनिटरिंग हलवायला मी अलीकडे मदत केली. जुनी व्यवस्था अशी: कोपऱ्यातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर सेंटओएस ७, त्यावर नागिओस. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, म्हणजे त्यानंतर सुरक्षेचे अपडेट नाहीत. पहारेकऱ्याच्या खोलीलाच कडी नाही, असा प्रकार. नवीन व्यवस्था म्हणजे एक मिनी पीसी आणि झॅबिक्सची जास्त काळ सपोर्ट मिळणारी ७.० आवृत्ती.

पहिली गोष्ट कळली ती ही, की यात 'एक्स्पोर्ट-इम्पोर्ट' असं बटण नसतं. व्हॉट्सॲप नव्या फोनवर जातं तसं हे जात नाही. नागिओसच्या सगळ्या सूचना टेक्स्ट फायलींत असतात, झॅबिक्सच्या डेटाबेसमध्ये. दोघांची भाषा वेगळी. मग आम्ही एक वही घेतली आणि जुन्या फायली वाचून लिहून काढलं: कशाकशावर लक्ष होतं, मर्यादा काय होत्या, अलर्ट कोणाला जायचा. यादी वाचताना मजा आली. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाच्या नंबरवर अजून अलर्ट जात होते. भंगारात गेलेल्या प्रिंटरची चौकशी रोज दर पाच मिनिटांनी होत होती. आणि नॅसबद्दल विचारायचे प्रश्न फक्त दोन: जिवंत आहेस का, आणि किती टक्के भरलास. बस.

दुसरा अडथळा: नवीन मशीन विचारायला लागलं तर नॅस ढिम्म. कारण नॅसच्या फायरवॉलमध्ये जुन्या मशीनच्या आयपी पत्त्यालाच उत्तर द्यायची परवानगी होती. हे चांगलंच लक्षण, ज्याने बसवलं त्याने विचार करून बसवलं होतं. नवीन पत्ता टाकला, आणि त्याच फटक्यात एसएनएमपीची जुनी आवृत्ती बंद करून तिसरी आवृत्ती सुरू केली. जुन्या आवृत्तीत परवलीचा शब्द नेटवर्कवरून उघडा जातो आणि अनेक ठिकाणी तो शब्द कंपनीतून आलेला 'पब्लिक' हाच असतो. तिसऱ्या आवृत्तीत नाव, पासवर्ड आणि एन्क्रिप्शन तिन्ही असतात. मॉनिटरिंगच्या खात्याला फक्त वाचायचे अधिकार द्या. पहारेकऱ्याला तिजोरीची किल्ली लागत नाही.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात महत्त्वाची: जुनं लगेच बंद करायचं नाही. आम्ही दोन्ही तीन आठवडे शेजारी शेजारी चालवली. दुसऱ्या आठवड्यात जुनं म्हणत होतं 'सगळं ठीक', आणि नवीन म्हणत होतं की तिसऱ्या डिस्कचे प्रलंबित सेक्टर ८ वरून २४ झाले. दोन दिवसांनी ५६. खोटं कोणीच बोलत नव्हतं. जुन्याला तो प्रश्नच कधी विचारायला सांगितला नव्हता. सप्टेंबरअखेरची ऑडिटची घाई तोंडावर होती, चारशेहून जास्त अशिलांची कागदपत्रं त्या डब्यात. डिस्क मागवली, बदलली, रेड पुन्हा बांधायला एक अख्खी रात्र लागली. सीए साहेब रात्री अकराला फोन करून विचारत होते, "किती टक्के झालं रे?" त्यांना फोनवरून आलेख बघायची लिंक दिली, मग फोन थांबले.

जुन्या आकड्यांचा इतिहास मात्र नव्या व्यवस्थेत सहज येत नाही. गेल्या दोन वर्षांत नॅस कसा भरत गेला हा आलेख हवा असेल तर जुन्या मशीनची ती फाइल तशीच जपून ठेवा किंवा महिन्याचे आकडे एका शीटमध्ये उतरवून घ्या. प्रोमिथियस घेणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की ते मुळात फक्त १५ दिवसांचे आकडे ठेवतं. जास्त हवं असेल तर सेटिंग बदलावं लागतं. हे बऱ्याच जणांना सोळाव्या दिवशी कळतं.

आणि 'डेटा आला नाही' यासाठी वेगळा नियम लिहा. तापमान ५५ च्या वर गेलं तर ओरड, असा नियम असेल आणि तापमानाचा आकडाच येणं थांबलं, तर तो नियम गप्प राहतो. ५५ च्या वर काही गेलंच नाही ना! झॅबिक्समध्ये आणि प्रोमिथियसमध्ये दोन्हीकडे 'इतकी मिनिटं आकडा आला नाही तर कळव' असं सांगता येतं. मायग्रेशनच्या काळात, पत्ते आणि नावं बदलत असताना, हा एकच नियम बाकी दहा नियमांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

कोकणाचा वेगळा हिशेब

पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंत सांगतात ते सगळं इथे जसंच्या तसं चालत नाही. आपल्याकडे वीज जाते. वीज गेली की राउटर जातो, राउटर गेला की मॉनिटरिंगवाली मशीन यूपीएसवर जिवंत असूनही अलर्ट पाठवू शकत नाही. यावर उपाय उलटा आहे. बाहेर इंटरनेटवर एक सेवा अशी ठेवायची, जिला तुमची मशीन दर पाच मिनिटांनी 'मी आहे' म्हणून सांगते. सांगणं थांबलं की ती बाहेरची सेवा तुम्हाला कळवते. हेल्थचेक्स नावाची अशी सेवा आहे, थोड्या वापराला मोफत. फक्त पावसाळ्यात सवलतीची वेळ पाच मिनिटं ठेवू नका, अर्धा तास ठेवा. नाहीतर जुलैत दिवसाला दहा अलर्ट येतील आणि अकरावा तुम्ही बघणार नाही. लांडगा आला रे आला.

पण मोठं संकट आलं तर ही सगळी हुशारी तोकडी पडते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा बाजारपेठेतली दुकानं पाण्याखाली गेली. एसटी आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड वाचवायला आगारप्रमुख आणि कर्मचारी कितीतरी तास बसच्या टपावर बसून होते. नोटा पिशवीत घालून टपावर नेता येतात. तळमजल्यावरच्या नॅसमधली वीस वर्षांची लग्नं, नकाशे, हिशेब कोण नेणार? अलर्ट तिथे एवढंच सांगेल की डबा गेला.

दक्षिण कोरियात नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर झालं. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सहाशेहून जास्त सरकारी सेवा बंद झाल्या. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा 'जी-ड्राइव्ह' होता, म्हणजे एक अवाढव्य सामायिक फाइल-साठवणच. ८५८ टेराबाइट डेटा गेला, आणि आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. इतक्या प्रगत देशात! मॉनिटरिंग तिथे नक्कीच आपल्यापेक्षा भारी असणार. एमआयडीसीचं जे वाचलं ते वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रतीमुळे, हा फरक विसरू नका.

म्हणून कोकणातल्या माणसाने दुसरी प्रत घाटावर ठेवावी असं मी सांगतो. कोल्हापूरला मामा, पुण्याला बहीण, कोणाच्या तरी घरी एक छोटा डबा किंवा बाहेरची क्लाउड साठवण. त्याच गावातल्या दुसऱ्या दुकानात ठेवलेली प्रत पुरात दोन्हीकडे भिजते. आणि मॉनिटरिंगमध्ये शेवटचा प्रश्न टाका: घाटावरच्या प्रतीत सगळ्यात नवीन फाइल किती तासांपूर्वीची आहे? 'बॅकअप यशस्वी' या हिरव्या टिकेपेक्षा हा आकडा जास्त खरा. गिटलॅबवाल्यांनी त्यांच्या बॅकअपची तारीख आणि आकार रोज बघितला असता, तर ती रिकामी जागा कितीतरी आधी दिसली असती.

फोन वाजला पाहिजे

हे सगळं उभं केलं आणि फोनच वाजला नाही, असंही होतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चालणारी ॲप्स झोपवली जातात. शिवाय रात्री अकरा ते सहा 'डू नॉट डिस्टर्ब' आपणच लावलेलं असतं. ज्या ॲपवर अलर्ट येतात, टेलिग्राम किंवा दुसरं काही, त्याची बॅटरीची बंधनं काढा. त्या एकाच चॅटला वेगळा आवाज द्या आणि 'डू नॉट डिस्टर्ब'मधून सूट द्या. टेलिग्राम मी सुचवतो कारण त्यात बॉट बनवणं मोफत आणि सोपं आहे. व्हॉट्सॲपवर तेच करायला बिझनेस खात्याची भानगड आहे.

मात्र सगळेच अलर्ट रात्री वाजवू नका. ७५ टक्के भरला, ही सकाळी चहासोबत वाचायची गोष्ट आहे. रेड मोडली, स्नॅपशॉट दहापट वाढला, डेटा यायचा थांबला, यांनीच झोपमोड करावी. आणि दोन माणसांना जाऊ द्या. एकटा माणूस नेमका त्याच रात्री गणपतीला गावी गेलेला असतो, जिथे रेंज नसते.

घरी बाहेरून फोटो बघता यावेत म्हणून नॅस थेट इंटरनेटवर उघडा ठेवणाऱ्यांना एक आठवण: जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचे 'माय बुक लाइव्ह' हे घरगुती डबे जगभरात लोकांच्या डोळ्यांदेखत रिकामे झाले. २०१५ नंतर त्यांना अपडेटच मिळालं नव्हतं आणि बाहेरून कोणीतरी फॅक्टरी रीसेटची आज्ञा देऊ शकलं. राउटरमधलं पोर्ट बंद करा, व्हीपीएन वापरा. मॉनिटरिंगचं पान तर बाहेर उघडं मुळीच ठेवू नका. तुमच्या घरातल्या सगळ्या मशीनचा नकाशाच असतो तो.

नाचणे रोडच्या ऑफिसात तीन आठवडे झाल्यावर आम्ही एका शनिवारी संध्याकाळी, ऑफिस बंद झाल्यावर, चाचणी घेतली. नॅसची केबल काढली: दोन मिनिटांत दोन्ही फोन वाजले. मिनी पीसीचीच वीज काढली: ३२ मिनिटांनी बाहेरच्या सेवेचा मेसेज आला. घाटावरच्या प्रतीतून २०१९ ची एक बॅलन्स शीट परत आणून उघडून बघितली, उघडली. मग जुन्या डेस्कटॉपचं बटण दाबलं. तो बंद होताना नागिओसने शेवटचा एक मेसेज टाकला, नोकरी सोडून गेलेल्या त्या मुलाच्या नंबरवर.